झाकारिसचं ‘नाही’

सकाळी रेडिओवरचा माणूस म्हणाला की आज सगळीकडे वारा पडलेला असेल आणि समुद्र शांत राहील. एल्स्पाने कॉफी चुलीवर ठेवली, खिडकीशी गेली, परत चुलीशी आली, रविवारचा कोट खुंटीवरून काढून झटकला आणि पुन्हा खुंटीलाच लावला. जुलै संपत आला होता. टपालबोटीने तोर्शाव्हन शहरात जायचं, ओलाफच्या जत्रेत दोन दिवस हिंडायचं आणि रान्वाच्या घरी राहायचं, असं वसंतापासून ठरलेलं होतं. रान्वा म्हणजे तिची लेक. लग्न करून शहरात गेल्यापासून ती आईला दोनदाच भेटली होती.

दार उघडलं. तिचा नवरा झाकारिस आत आला, टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि म्हणाला, “नाही.”

मग तो बटाटे सोलायला बसला, आणि त्या वर्षीची जत्रा तिथेच संपली.

बेटावर उतरायची जागा एकच, कड्याच्या पोटातली चीर. चिरीच्या आतून बघाल तर पाणी नेहमीच बरं दिसतं. कड्याच्या पुढे आलेल्या नाकाडाला वळसा घालून येणारं उधाण दिसतं ते फक्त चिरीच्या तोंडावरच्या खडपावरून. म्हणून रोज सकाळी एका माणसाने खडपावर जायचं, पाणी बघायचं आणि येऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. झाकारिसच्या आधी हे काम त्याचा बाप करायचा, त्याच्याआधी आजा. या माणसाला कारण विचारायचं नाही, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि त्याच्या मागोमाग जाऊन स्वतः बघायचं तर मुळीच नाही; ते म्हणजे त्याला चारचौघांत खोटं पाडणं. ज्याला जायचंय त्याला घाई असते, आणि घाईच्या माणसाने समुद्र वाचला की कुणाच्या तरी घरी रडारड होते, हे बेटावर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. रीत शहाणपणाची होती. तिने पिढ्यान् पिढ्या माणसं वाचवली होती, म्हणूनच तर तिच्याकडे कुणी संशयाने बघत नव्हतं.

झाकारिस ‘नाही’ म्हणाला की शेजारचा निकलास आपल्या घरातल्या फोनवरून टपालबोटीला कळवायचा. बेटावर फोन तेवढा एकच होता.

“परत नाही?” त्या दिवशी निकलासने कुंपणापलीकडून विचारलं. विचारलं एल्स्पाला, झाकारिसला नव्हे. तेवढी लाज त्याला होती.

“नाही.”

“बरं आहे. मी जत्रेत गेलो असतो तर प्यायलो असतो, प्यायलो असतो तर फीयाने मला घराबाहेर झोपवलं असतं. तुझ्या नवऱ्याने माझा संसार वाचवला म्हणायचा.”

त्याची बायको फीया आतून ओरडली, “अजून वाचलेला नाही, गवत उलटायला ये आधी.”

एल्स्पा हसली. हसताना तिचं लक्ष समुद्राकडेच होतं. क्षितिजापर्यंत एक पांढरी रेघ दिसत नव्हती.

ऑगस्टभर धुकं बसून राहिलं. कापलेलं गवत कुंपणांच्या तारांवर टांगायचं, ते भिजायचं, काढून पुन्हा टांगायचं. धुक्यात माणूस एक तर आळसावतो नाही तर चिडतो. एल्स्पा यांतलं काहीच करेना, नुसती येरझारा घालायची. विणायला बसली की दहा टाके घालून उठायची. जळणाच्या पीटच्या कोठीत गेली की कशासाठी आले ते विसरायची. आणि अशाच एका धुकट दुपारी निकलासचा फोन वाजला, फीया धावत बोलवायला आली, आणि एल्स्पा चिखलाच्या पायांनीच त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन उभी राहिली.

“आई, मला दिवस गेलेत,” रान्वा म्हणाली. “बाळ मार्चच्या मध्यावर होईल.”

याआधी दोन वेळा गेले होते. दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आतच संपलं होतं, आणि दोन्ही वेळा एल्स्पा इथे, पाण्याच्या या बाजूला, खिडकीतून बघत बसली होती.

“तू येशील ना? या वेळी?”

“येईन.”

“बाबा ‘नाही’ म्हणाले तर?”

एल्स्पाने फोनची तार बोटाला गुंडाळली. “सगळा हिवाळा थोडाच ‘नाही’ म्हणणार आहेत?” ती म्हणाली. बाजूला उभी असलेली फीया एकदम खिडकीवरची कुंडी सारखी करू लागली.

तुम्मास गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. एल्स्पाचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. होडी चिरीत आली की बाहेर उडी मारायची ती दोन लाटांच्या मधल्या उसंतीत, आणि ती उसंत खडपावरचा माणूस सांगतो. “थांबा, थांबा,” म्हणत राहतो आणि मग म्हणतो, “आता.” त्या दिवशी झाकारिस “आता” म्हणाला आणि तुम्मासने उडी मारली. लाट आली ती क्रम सोडून आली. अशी एखादी येते. बापाने पन्नास वेळा बरोबर सांगितलं असेल, त्याचा हिशेब समुद्र ठेवत नाही.

त्यानंतर कुणीतरी ते काम झाकारिसकडून काढून घ्यायला हवं होतं. पण काढून घेणं म्हणजे ‘पोर तुझ्यामुळे गेलं’ असं तोंडावर म्हणणं. तसं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, तशी इच्छाही कुणाची नव्हती. मयतीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तो सवयीने टोपी घालून खडपाकडे निघाला, आणि दारादारांत उभ्या असलेल्या लोकांना बरंच वाटलं. त्याच्यावर आपला विश्वास आहे हे त्याला दाखवायची ही एकच वाट त्यांच्याजवळ होती. त्या माणुसकीचं पुढे काय झालं ते सगळ्यांनीच भोगलं.

सप्टेंबरात वादळं सुरू झाली. ऑक्टोबरात मेंढ्या हाकून आणल्या, कापल्या, आणि फटीफटींच्या भिंतींच्या वाळवणघरात मांस टांगलं. वारा त्या फटींतून शिट्ट्या घालत होता, म्हणजे मांस चांगलं मुरणार होतं. पण धाकट्या बेटावरचे मेंढे आणायचे राहिले. धाकटं बेट म्हणजे समोरचा गवताळ सुळका. वसंतात दोरांनी चढवून तिथे आठ मेंढे सोडायचे, उन्हाळाभर ते लोण्यासारखे माजतात, आणि पहिल्या मोठ्या उधाणाच्या आत खाली उतरवायचे. त्या वसंतात मेंढे चढवायला झाकारिसने दिलेलं ‘हो’ शेवटचं ठरलं होतं. दर सकाळी माणसं दोर खांद्यावर टाकून होडीच्या छपराशी जमत, झाकारिस येई, “नाही” म्हणे, माणसं दोर परत नेऊन ठेवत.

“मागच्या मंगळवारी पाणी बरं वाटलं मला,” एकदा निकलास म्हणाला. हे तो एल्स्पाच्या स्वयंपाकघरात, कॉफीचा कप बशीत ओतताना, कपालाच म्हणाल्यासारखं म्हणाला.

झाकारिस म्हणाला, “तुला चिरीतून वाटलं.”

“हो, चिरीतून. माझं काय.” निकलासने साखरेचा खडा दातांत धरला. “रेडिओवालाही बरं म्हणत होता.”

“रेडिओवाल्याला सांग, ये म्हणावं, खडपावर उभा राहा.”

“नको. तो येणार बोटीने, म्हणजे तू ‘नाही’ म्हणणार.”

सगळे हसले, झाकारिसही हसला. एल्स्पाने बघितलं, त्याचा हात कपाभोवती इतका आवळलेला होता की नखं पांढरी पडली होती. त्याच्याबद्दल तिला अशी माया दाटून आली की ती तडक उठून वाळवणघरात गेली आणि उगाच मांसाचे तुकडे मोजत बसली. आणि तिथे उभ्या उभ्याच तिला त्याचा रागही आला, तितकाच.

मेंढे राहिले ते राहिलेच. तिच्या खिडकीतून ते ठिपक्यांसारखे दिसायचे. नोव्हेंबरात धाकट्या बेटावरचं गवत संपून तपकिरी झालं. मग ठिपके सात झाले, मग पाच. ती न मोजायचं ठरवून खिडकीशी जायची आणि मोजायची.

त्या हिवाळ्यात तिला नवऱ्याची एक गोष्ट लक्षात आली, आणि ती एकदा आल्यावर तिचं मन थाऱ्यावर राहिना. वादळाच्या दिवसांत झाकारिस सुखी असायचा. वारा छपराचे दोर तोडायला बघायचा, समुद्राचं मीठ खिडकीच्या काचेवर जाड साचायचं, शेजारच्या घरी जायचं तर कुंपण धरून रांगत जावं लागायचं, आणि हा माणूस जेवून भिंतीकडे तोंड करून पोरासारखा गाढ झोपायचा. वारा पडला की मात्र जागा. कुशीवर कुशी बदलायचा, उठून पाणी प्यायचा, खिडकी उघडून कान द्यायचा. बेटावरची बाकी माणसं वाऱ्याला घाबरायची आणि तिचा नवरा शांततेला. शांत दिवशी त्याला कुणीतरी काहीतरी विचारणार होतं.

डिसेंबरात उजेड आला न आला असा व्हायचा. नाताळला धर्मगुरू येऊ शकला नाही, तेव्हा निकलासनेच चर्चमध्ये प्रवचन वाचलं, अडखळत, आणि मधे एकदा दोन पानं एकदम उलटली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. गव्हाचं पीठ संपत आलं होतं. कॉफी संपली. फीया जव भाजून त्याची कॉफी करायची, आणि निकलास ती पिऊन म्हणायचा की आता मरायची भीती उरली नाही.

जानेवारीत एक असा दिवस उगवला की म्हाताऱ्यांनाही आठवेना. बर्फ पडून थांबलेलं, आकाश निळं, आणि वारा इतका पडलेला की धुरांड्यांतला धूर सरळ वर जाऊन तिथेच उभा राहिला. एल्स्पाने अंगणात मेणबत्ती पेटवून बघितली. खरोखर पेटवली, वेड्यासारखी, दिवसाढवळ्या. ज्योत हलली नाही. रान्वाचा पाचवा महिना उलटून सातवा लागला होता, या वेळी पोट टिकलं होतं, आणि डॉक्टरांनी तिला पायऱ्याही चढायच्या नाहीत असं सांगितलं होतं.

झाकारिस आला. टोपीवर बर्फाचा कण नव्हता.

“नाही.”

“झाकारिस.”

“खडपावर फुटतंय.”

दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. तिने विचारलं नाही. मेणबत्ती विझवून खिशात टाकली आणि घरात जाऊन पिठाच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावत, काढत बसली. या माणसाबरोबर तिने तीस वर्षं काढली होती. तो कधी खोटं बोलला नव्हता. म्हणून ‘फुटतंय’ म्हणाला तर फुटत असेल, असं तिने स्वतःला पटवलं. ते पटवायला तिला आठवडा लागला. तोवर पुन्हा वादळ आलं आणि प्रश्नच मिटला.

बारा मार्चला लाल चोचीचे चाल्दुर पक्षी परत आले. दरवर्षी त्याच सुमारास येतात, किनाऱ्यावर ओरडून ओरडून हिवाळ्याला हाकलतात. पोरंटोरं आनंदाने धावतात, बायका दारं उघडी टाकतात. एल्स्पा त्या ओरडण्याने नुसती तळमळली. शेकडो मैल समुद्र ओलांडून पाखरं येतात, आणि मला लेकीच्या शहरापर्यंत जाता येत नाही. मधे फक्त दोन तासांची बोट.

दुसऱ्या दिवशी फोन आला. जावयाचा होता. रान्वाला दवाखान्यात ठेवलं होतं, रक्तदाब वाढला होता, आता कधीही. “घाबरू नका,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच इतका घाबरलेला होता की एल्स्पालाच त्याला धीर द्यावा लागला. मग तो म्हणाला, “ती सारखी विचारते, आज पाणी कसं आहे.”

सकाळी वारा नव्हता. झाकारिस गेला, आला. ती दारातच उभी होती.

“नाही,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता आत गेला.

एल्स्पाने डोक्याला रुमाल बांधला आणि खडपाची वाट धरली. चार घरांच्या मधून, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. निकलास होडीला डांबर लावत होता, त्याचा ब्रश हवेतच राहिला. फीयाने खिडकीचा पडदा सोडला. पाहिलं नाही म्हणजे घडलं नाही, असं तिला म्हणायचं असेल.

खडपाच्या अलीकडे मेंढ्यांच्या आडोशासाठी रचलेली एक जुनी दगडी भिंत आहे. वाट तिला वळसा घालून पुढे जाते. एल्स्पा भिंतीशी पोचली आणि थांबली. भिंतीच्या जमिनीकडच्या अंगाला गवत चेपून, झिजून बसका खळगा झाला होता. त्याच्याभोवती पाइपसाठी ओढलेल्या जळक्या काड्या पडलेल्या. मूठभर नव्हे, वर्षभराच्या. काही कुजून काळ्या पडलेल्या, काही आजच्या. आणि भिंतीपासून पुढे खडपाकडे जाणारी वाट, जी तिच्या लहानपणापासून उघडीबोडकी पायवाट होती, तिच्यावर शेवाळ होतं. हिरवंगार, कुणी पाय न ठेवलेलं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो बघून खोटं सांगत नव्हता. तो बघतच नव्हता. दर सकाळी इथे येत होता, समुद्राकडे पाठ करून या भिंतीला टेकून बसत होता, एक पाइप ओढत होता आणि उठून घरी येत होता.

ती खाली बसली, त्याच खळग्यात, आणि मोठ्याने रडली. तुम्मास गेला तेव्हा सगळे म्हणायचे झाकारिस किती धीराचा. धीर कसला, माणूस वर्षभर या दगडांआड थिजून बसला होता आणि रात्री तिच्या शेजारी झोपत होता, आणि तिला पत्ता नव्हता. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, शेवाळावरून जपून पावलं टाकत खडपावर गेली आणि पाणी पाहिलं. चुलीवरून उतरवून निवत ठेवलेल्या दुधासारखं दिसत होतं. पण ती तिच्या बापाची नव्हे, तिच्या सासऱ्याची विद्या होती, आणि एल्स्पाला ती येत नव्हती. नाकाडापलीकडे काय शिजतंय ते तिला सांगता आलं नसतं. तिला ते सांगू शकणारा एकच माणूस ठाऊक होता.

ती घरी गेली, रविवारचा कोट घातला, पिशवीत वाळलेल्या मांसाचा तुकडा आणि तान्ह्यासाठी विणलेले कपडे भरले, आणि छपराशी जाऊन निकलासच्या होडीत बसली. होडी उतारावर, कोरड्यात होती.

“काय चाललंय?” निकलासने विचारलं.

“बसलेय.”

“ते दिसतंय. डांबर ओलं आहे, कोट खराब होईल.” मग हळूच म्हणाला, “तो ‘नाही’ म्हणालाय, एल्स्पा.”

“म्हणालाय. आता पाण्याकडे बघून म्हणू दे. ‘नाही’ म्हणाला तर मी उतरते आणि पुन्हा तोंड उघडत नाही.”

निकलास हुशार माणूस होता, फक्त तसं दाखवायचा नाही. त्याने ब्रश खाली ठेवला, हात पॅंटला पुसले आणि झाकारिसला बोलवायला गेला.

झाकारिस आला तेव्हा बाकीची माणसंही आली, जराशी लांब उभी राहिली. पाच-सहाच होती, पण बेटावर तेवढी म्हणजे सभा.

“उतर,” तो म्हणाला.

“भिंतीपाशी जाऊन आले मी.”

त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. लोकांना काही कळलं नाही. भिंत म्हणजे कुठली, काय, हे तिने पुढे कुणाला सांगितलंही नाही.

“मग तुला कळलं,” तो म्हणाला.

“कळलं. वर्षभर एकटा बसलास. मला हाक मारायचीस, मी येऊन बसले असते.”

“एल्स्पा, मला नाही जमत. तिथे उभं राहिलं की त्याची टोपी दिसते पाण्यावर.”

“मलाही दिसते. चुलीत दिसते, दुधात दिसते. रान्वा दवाखान्यात पडली आहे झाकारिस, आणि विचारते आहे आज पाणी कसं आहे. कुणीतरी तिला खरं सांगायला नको का? वाईट असेल तर वाईट सांग. पण बघून सांग.”

तो उभा राहिला. चाल्दुर ओरडत होते. निकलास आपल्या बुटांकडे बघत होता, जसं काही त्यांत पाणी शिरलंय.

मग झाकारिस वळला आणि चालू लागला. भिंतीपर्यंत ओळखीच्या चालीने गेला. तिथे थांबला, इतका वेळ की एल्स्पाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो भिंतीच्या पलीकडे गेलेला होता, शेवाळावर पाय घसरून एका हातावर पडला, उठला, खडपावर चढला. तिथे तो उभा राहिला, तोंड समुद्राकडे. वारा नव्हता तरी त्याचे खांदे हलत होते.

बराच वेळ गेला. मग त्याने एक हात वर केला. एक हात म्हणजे होडी सोडा. दोन्ही हात कातरीसारखे धरले तर नाही.

निकलासने आणि दुसऱ्या दोघांनी होडी उतारावरून चिरीत सोडली. इंजिन फटफटलं. वरून आवाज आला, घोगरा, न वापरलेला: “थांबा… थांबा…” एक लाट चिरीत शिरली, होडी वर उचलली, खाली ठेवली. दुसरी शिरली. “थांबा…” एल्स्पाने होडीचा काठ धरला. तिला वाटलं तो आता म्हणूच शकणार नाही, आपण इथेच वरखाली होत राहणार.

“आता!”

निकलासने इंजिनला जोर दिला आणि होडी नाकाडाबाहेर मोकळ्या पाण्यात गेली. एल्स्पाने वळून पाहिलं. झाकारिस खडपावर बसला होता, दोन्ही हातांत तोंड धरून. त्याच्याकडे जाणारी फीया दिसली, हातात कसला तरी डबा, बहुधा जवाचीच कॉफी.

एल्स्पाला टपालबोटीवर चढवून त्याच दिवशी परतताना निकलासने धाकट्या बेटावरून मेंढे उतरवले. दोन उरले होते. हाडं आणि लोकर, पण जिवंत.

रान्वाला तीन दिवसांनी मुलगी झाली. लहानशी, लालभडक, आणि आवाज असा की दाई म्हणाली ही नक्की बेटावरची. एल्स्पाने तिला न्हाऊमाखू घातलं, रान्वाला मटणाचा रस्सा पाजला, जावयाला बटाटे सोलायला शिकवलं. एवढं सुख पदरात पडूनही तिला चैन नव्हतं. शहरात हवामान काचेबाहेर असतं, कुणाचं त्यावर काही अडत नाही, आणि ती मात्र रेडिओवर समुद्राची बातमी लागली की नातीला खांद्यावर टाकून जवळ जाऊन उभी राहायची. तिकडे तो एकटा होता. त्या दिवशी खडपावर गेला, तो माझ्यासाठी. पण मी इकडे आहे तर कशावरून पुन्हा भिंतीआड बसत नसेल? फोनवर निकलासला विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे भिंतीची गोष्ट सांगणं.

“काय म्हणतो झाकारिस?” ती एवढंच विचारायची.

“कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो. बायकोसारखाच झालाय,” निकलास म्हणायचा.

जून लागला. रान्वा हिंडू फिरू लागली. निकलासने सकाळी फोनवर कळवलं, आज ‘हो’ आहे, आणि एल्स्पा टपालबोटीत बसली. बरोबर कॉफीची पिशवी, गव्हाचं पीठ आणि नातीचा फोटो होता. समुद्र सपाट होता, धुक्याचे तुकडे इकडे तिकडे. बेट जवळ आलं तसा बोट चालवणाऱ्या तांडेलाने वेग कमी केला आणि डोळे बारीक केले.

“हे बघा,” तो वैतागून म्हणाला. “सकाळी ‘हो’ म्हणायचं आणि आता हे.”

खडपावर झाकारिस उभा होता. दोन्ही हात डोक्यावर, कातरीसारखे.

पाणी एल्स्पाला दिसत होतं, नुसतं गुळगुळीत. तांडेल म्हणत होता, “म्हातारा परत सुरू झाला. मागे वर्षभर असंच चाललं होतं. मी सरळ आत घालतो बोट, बघू काय करतो.”

“दुर्बीण द्या,” ती म्हणाली.

“अहो बाई, दुर्बिणीतून काय वेगळं—”

“द्या म्हणते ना.”

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. बोट हलत होती, बेट वर जायचं, खाली यायचं. मग तो सापडला. तो बोटीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत नव्हता. मान नाकाडाकडे वळवून पाण्यावर नजर लावून उभा होता, जसा त्याचा बाप उभा राहायचा. हात तसेच, हलत नव्हते.

“आत घालू नका,” ती म्हणाली. “तो बघतोय.”

तांडेल काही म्हणणार तोच नाकाडाआडून पाणी वर आलं. आवाज न करता फुगलं, लांबून आलेल्या कुठल्या तरी वादळाचं उधाण, आणि चिरीच्या तोंडावर येऊन फुटलं. पांढरा फेस खडपावर चढला, झाकारिसच्या गुडघ्यांपर्यंत. त्याच्यामागे दुसरी लाट, त्याच्यामागे तिसरी. चीर दिसेनाशी झाली. फेस उतरला तेव्हा तो तिथेच होता, पायातले बूट ओघळत होते, हात कातरीसारखे वर.

तांडेलाने टोपी मागे सारली आणि बोट फिरवली.

एल्स्पाने उभं राहून हात हलवला. त्याने नीट पाहिलं, तिला ओळखलं असावं. दोन्ही हात खाली घेतले, एक छातीवर ठेवला, आणि लगेच पुन्हा वर नेऊन कातरीसारखे धरले, म्हणजे बोटीने चूक करू नये. ती हसली आणि डोळे भरून आले. गेल्या वर्षभरात त्याच्या तोंडून तिने इतके नकार ऐकले होते, आणि हा पहिला खरा होता. या नकारावर डोकं टेकता येणार होतं.

“वाईट वाटून घेऊ नका,” तांडेल म्हणाला. “आठवड्यात निवळेल. तोवर शहरात राहावं लागणार.”

“राहीन की,” ती म्हणाली.

ती दोरांच्या वेटोळ्यावर बसली, पिठाची पिशवी उशाला घेतली. बेट धुक्यात गेलं. वारा उठला होता, बोट हेलकावत होती, तांडेल शिव्या घालत होता. आणि एल्स्पाला, वादळात भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्या तिच्या नवऱ्यासारखी गाढ झोप लागली.